मिस्साला जाते, पण तिथं माझं कुणी नाही

‘मॅडम, हे गेल्यापासून मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनाविधीला) जाते, पण तिथं माझं कुणीच नाही. माझी श्रद्धा कमी झाली का हो?’ बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या घरांतून हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत ऐकू येतो. विचारणाऱ्या या ताई मूळच्या वसईच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). यजमान बँकेत. नागपूर, हुबळी, राजकोट आणि मग मडगाव. मडगावला येऊन वर्ष व्हायच्या आत हार्ट अटॅकने ते गेले. दफन वसईला झालं. भाऊ म्हणतो, ‘आता परत ये.’

श्रद्धेचा प्रश्न मी बाजूलाच ठेवला, कारण अडचण तिथं नव्हती. मिस्सा कोकणीत असली तरी कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हे ताईंना कुणी सांगावं लागत नव्हतं. अडचण मिस्सा सुटल्यावर सुरू व्हायची. लोक आवारात घोळक्याने बोलत उभे राहायचे आणि ताई मान खाली घालून फाटकाबाहेर पडायच्या. त्या गर्दीत त्यांच्या यजमानांना ओळखणारं कुणी नव्हतं. ज्यांच्यासोबत ते नाताळची गाणी गायचे, ती माणसं नागपुरात राहिली. दर बदलीला असं काहीतरी मागे सुटलं आणि सामान बांधायच्या घाईत रडायचं राहून गेलं. यजमान गेले तेव्हा ते सगळंच एकदम वर आलं.

वसईला जायचं की नाही, हे पैशाची ओढाताण नसेल तर पहिल्या वर्षात ठरवू नका, असं मी सांगितलं. आणखी एक बिऱ्हाड हलवणं म्हणजे आणखी एक तुटणं. त्याऐवजी रविवारची एकच मिस्सा धरायची, बाकही शक्यतो तोच. आणि चर्चच्या ऑफिसात जाऊन मिस्सासाठी यजमानांचं नाव द्यायचं.

हे नाव देणं मला फार मोलाचं वाटतं. फादरनी वेदीवरून नाव वाचलं, तेव्हा शेजारच्या बाईने वळून विचारलं, ‘तुमचे कोण?’ पुढे मे महिन्यात त्याच बाईने ताईंना वाड्यावरच्या (वस्तीतल्या) खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लदीनीला (सामूहिक प्रार्थनेला) नेलं. प्रार्थना संपल्यावर उकडलेल्या चण्यांचं पातेलं पुढ्यात सरकवून म्हणाली, ‘बाये, हे मात्शे वांट गो’ (जरा हे वाट गं). कागदाच्या पुड्या भरता भरता ताईंना वाड्यातली माणसं नावानिशी कळली. सांत्वनाच्या भेटींनी जे झालं नव्हतं, ते या कामाने झालं. समित्यांमध्ये स्वतःला झोकून द्या, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. त्यात दुःख नुसतं दडपलं जातं.

लदीनीच्या त्या रात्री घरी येऊन ताई खूप रडल्या. ‘तिथं हसले, याची लाज वाटते.’ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये मांडलंय की शोकातला माणूस गेलेल्याची आठवण आणि पुढचं जगणं यांत सतत ये-जा करत असतो. संध्याकाळी हसू आणि रात्री रडू, यात ढोंग काही नाही.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, प्रश्न आला : कबर वसईला, मग इथं मेणबत्ती कुठं लावायची? शेजारणीने दफनभूमीतला मोठा खुरीस दाखवला. ज्यांची माणसं आखातात किंवा पोर्तुगालमध्ये पुरली आहेत, ते तिथंच लावतात.

‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवणारे चर्चमध्येही भेटतात. मनाने चांगले असतात बिचारे. त्यांना एवढंच म्हणावं, ‘खरंय, पण मला आज त्यांच्याबद्दल बोलायचंय.’

सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच असेल, रोजची कामंही होत नसतील, तर फादरांसोबत मानसोपचारतज्ज्ञही हवेत. जगूच नये असं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो.

वसईचं अजून ठरलेलं नाही. भाऊ फोनवर विचारतोच. ताईंचं उत्तर तयार असतं : ‘मे महिन्यातली लदीन होऊ दे, चण्यांचं माझ्याकडे आहे.’