अँटिकायनसचा नर आणि मातीतला बॅसिलस जीवाणू, दोघेही पुढच्या पिढीसाठी मरतात. मग दोन्ही मरणं सारखीच का?

मला नाही वाटत. वरवर जोडी छान जमते, हे खरं.

अँटिकायनस हा ऑस्ट्रेलियातला उंदराएवढा, कीटक खाणारा शिशुधान, म्हणजे कांगारूच्या गटातला प्राणी. वर्षातून एकदाच, दोन-तीन आठवडे त्यांचा माज असतो. नर खाणंपिणं जवळपास सोडून एकामागून एक माद्या गाठत सुटतो. एकेक समागम कित्येक तास चालतो. या काळात रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं आणि चढलेलंच राहतं. एरवी त्याला आवर घालणारी यंत्रणा काम करेनाशी होते. अंगातली प्रथिनं जळून ताकद मिळते खरी, पण प्रतिकारशक्ती ढासळते, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, केस झडतात. वय वर्षाचंही नसताना त्या भागातले सगळे नर संपतात. माद्यांपैकी काही पुढचा हंगामही बघतात.

आता बॅसिलस सबटिलिस. अन्न संपत आलं की ही पेशी मधोमध विभागत नाही, एका टोकाशी विभागते. मोठा भाग, म्हणजे आईपेशी, धाकट्याला चक्क गिळतो, त्याच्याभोवती कवचांचे थर चढवतो आणि शेवटी स्वतः फुटून त्या धाकट्याला, म्हणजे टिकाऊ बीजाणूला, मोकळं करतो. सगळा कारभार सात-आठ तासांचा. कॉलेजात मॅलाकाइट ग्रीनने रंगवलेल्या काचपट्टीवर गुलाबी पेशीच्या पोटात हिरवा बीजाणू पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ती गुलाबी पेशी आता मरणार आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

फरक इथेच आहे. आईपेशी आणि बीजाणू यांचा डीएनए एकच, त्यामुळे तिचं काही हातचं जातच नाही. शिवाय तिने साठवलेलं सगळं थेट बीजाणूच्या कामी येतं. अँटिकायनसच्या नराचं शरीर मात्र पिल्लांच्या काहीच कामी येत नाही, ती एकटी आई वाढवते. एका वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. नर झिजतो तो इतर नरांशी लागलेल्या चढाओढीत.

पडताळाही सोपा आहे. माजाआधी पकडून वेगळा ठेवलेला नर हंगाम उलटल्यावरही जगतो, म्हणजे मरण टळलं तर त्याचं काही अडत नाही. बॅसिलसची आईपेशी फुटलीच नाही, तर बीजाणू तिच्या आतच अडकून पडतो.