सातव्या दिवशी

प्रिय लेकरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रार्थना करून करून थकायला झालंय, आता काहीतरी एक ठरवून मोकळं व्हावंसं वाटतं, असं लिहिलंस. आधी त्याच्याबद्दलच बोलतो.

बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात इस्राएलचा शौल राजा गिलगाल या गावी थांबलेला दिसतो. मी येईपर्यंत ७ दिवस थांब, असं शमुवेल संदेष्ट्याने त्याला सांगितलं होतं. मिखमाशात शत्रूची, पलिष्ट्यांची फौज जमलेली, इकडे त्याची माणसं घाबरून पांगू लागलेली. तरीही तो सातव्या दिवसापर्यंत थांबला. आपण शौलाला नावं ठेवतो, पण एवढं तरी त्याच्या पदरात टाकायला हवं. शेवटी धीर सुटला आणि शमुवेलाने येऊन करायचं होमार्पण, म्हणजे देवाला अग्नीत वाहायचं अर्पण, त्याने स्वतःच केलं. ते पुरं होतं न होतं तोच शमुवेल येऊन पोचला. मला धास्ती वाटते ती याची, की शौलाने केलेलं काम वरवर पाहता भक्तीचंच होतं. भीतीपोटी केलेली घाई त्याला स्वतःला उपासना वाटली असेल. तुला आज जे उरकून टाकावंसं वाटतंय, ते नेमकं कशामुळे? बरोबरीचे पुढे गेले म्हणून? घरचे रोज विचारतात म्हणून? हे स्वतःला खरंखरं विचार.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असं मात्र समजू नकोस. यहुदी लोकांना कैद करून बाबेलला नेलं होतं, त्या बंदिवासाच्या काळात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा लोकांना सांगत होता, २ वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ऐकायला किती गोड! यिर्मया संदेष्ट्याने बंदिवानांना पत्र धाडलं ते निराळंच: ७० वर्षं लागतील, घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या कित्येकांच्या हयातीत परतीचा दिवस उगवणारच नव्हता. म्हणून मीही तुला 'लवकरच होईल' असं लिहिणार नाही. हातातलं काम, अभ्यास, माणसं मात्र सोडू नकोस.

आणि देवाकडे तक्रार करायला कचरू नकोस. बायबलातल्या १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओव्यांत 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. तोही प्रार्थनेचाच भाग आहे. थकवा आला की लांबलचक शब्द जुळवत बसू नकोस. तेवढं एक स्तोत्र मोठ्याने वाच आणि झोप.

राहिला तो निर्णय. उत्तर द्यायची तारीख खरोखर आली असेल, तर प्रार्थना कर, तुला ओळखणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांशी बोल आणि जे योग्य दिसतंय ते धर. देव तुला चुकीत पकडायला टपलेला नाही. पण तारीख अजून लांब असेल, तर केवळ जीव घाबरा होतोय म्हणून आजच होकार कळवू नकोस. मुदत कधीची आहे ते मला कळव. तोवर मीही रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहे.

आशीर्वादासह,
तुझा काका