मी आत शिरले की गप्पा थांबतात

"सर, मी स्टाफरूममध्ये शिरले की गप्पा थांबतात."

मी समुपदेशक. हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की हल्ली समोरचा 'स्टाफरूम' म्हणाला की पुढचं मी मनातच पुरं करतो. कधी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजातल्या मॅडम असतात, कधी सिन्नरहून रोज ये-जा करणारे सर. बँकेतली, सरकारी कचेरीतली माणसंही माझ्याकडे येतात, पण ती साहेबाबद्दल बोलतात, टार्गेटबद्दल, बदलीबद्दल. गप्पांनी झोप उडालेली माणसं बहुतेक प्राध्यापकच निघतात.

त्याला कारण आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. उरलेला बराचसा वेळ, म्हणजे दोन तासांमधली फट, प्रॅक्टिकलच्या आधीचा अर्धा तास, धो धो पावसामुळे मुलंच न आलेला अख्खा तास, स्टाफरूममध्ये जातो. तेच लांबडं टेबल, तीच माणसं, वीस-वीस वर्षं. शिवाय त्या टेबलाभोवती सगळे एका पायरीवर नसतात. एक जण अनुदानित जागेवर कायम, शेजारचा तासिका तत्त्वावर, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याचा भरवसा नसलेला. पीएच.डी. झालेल्याला पहिली वरची श्रेणी 4 वर्षांत मिळू शकते, पीएच.डी., एम.फिल. काहीच नसेल तर 6 वर्षं थांबावं लागतं. डबे मात्र सगळ्यांनी एकत्रच उघडायचे. अशा खोलीत कोण कधी गप्प झालं याचा हिशोब ठेवला जातो, यात नवल ते काय?

अशाच एक मॅडम पावसाळ्याच्या तोंडावर आल्या. नाव सांगत नाही. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये 'मॅडम' अशी हाक मारली तर दहा जणी वळून बघतात, तेवढी ओळख पुरे. विषय संख्याशास्त्र. वर्गात आवाज असा की शेवटच्या बाकावरचाही मोबाइल खाली ठेवतो. आणि स्टाफरूमच्या दाराशी आल्या की घशाला कोरड. ऑफ तास त्या लायब्ररीत काढायच्या, नाहीतर पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून.

सुरुवातीच्या भेटींत त्यांनी पुरावे मांडले. "तिघी खिडकीपाशी बोलत होत्या. मी आत गेले आणि एकदम शांत. मग एक म्हणते, 'आज द्वारका चौकात ट्रॅफिक होतं का हो?' म्हणजे विषय बदलला ना, सर?"

"तुम्ही आत गेलात आणि गप्पा चालूच राहिल्या, असं किती वेळा झालं?"

त्या थकल्यासारखं हसल्या. "नमुना कसा निवडायचा हे मी एसवायला शिकवते. सोयीचे तेवढेच प्रसंग मी मोजते, हे कळतं मला. कळून धडधड थांबत नाही, त्याचं काय करू?"

हा प्रश्न मला फार आवडला. घरचे आणि मैत्रिणी नेमके इथेच अडकतात. "अगं, तुझ्याबद्दल कशाला बोलतील? तू फार विचार करतेस." प्रेमाने म्हटलेलं असतं, पण टिकत नाही. कारण आठवड्याभरात कुणीतरी खरंच काहीतरी बोलतं, ते कानावर येतं आणि धीर देणाऱ्यासकट सगळा धीर कोसळतो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या वळणावर वाढलेला माणूस. लोक काय बोलले याची चौकशी मी आधी करत बसत नाही. सगळ्यात वाईट तेच झालंय असं धरून चालतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "त्या तिघी तुमच्याबद्दलच बोलत होत्या."

त्या चमकल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. पण धरून चालू. 'हिचं चार वर्षांत झालं, आपलं रखडलं. प्राचार्यांच्या पुढेपुढे करते.' मुद्दाम बोचरं घेतोय. त्या हे बोलल्या, तुम्ही आलात, त्या गप्प झाल्या. मग?"

"मग मला वाईट वाटतं."

"वाटणारच. मग?"

त्यांना उत्तर सुचेना. मी काही बोललो नाही. अशा वेळी नुसतं बसून राहणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कसब आहे, आणि बऱ्याच वर्षांनी मला ते साधलंय. नवशिके समुपदेशक इथे घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे करतात. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "मग... बाराला माझा तास असतो. टीवायचा."

"आणि?"

"आणि तो मी घेते. घेतलाच होता त्या दिवशी." जरा थांबून, "चांगला झाला होता, खरं तर." मग एकदम हसू फुटलं. "म्हणजे काहीच होत नाही की हो!"

त्या क्षणासाठी मी हे काम करतो. मी त्यांना काही पटवून दिलं नव्हतं. त्यांच्यापाशी न लिहिलेला एक नियम होता: प्रत्येक सहकाऱ्याने मला आपलं मानलंच पाहिजे, नाही मानलं तर खोट माझ्यातच आहे. मानलं तर बरं वाटेल, ही इच्छा अगदी रास्त आहे, ती सोडायचीही नाही. इच्छेचा हट्ट झाला की मात्र तिघींची कुजबुजही आपल्यावरचा निकाल वाटायला लागते. सहकारी नाखूश असणं गैरसोयीचं असतं. बाराचा तास त्यामुळे रद्द होत नाही.

दुसरी गोष्ट त्यांना स्वतःलाच दिसली, तीही पुढच्या भेटीत, बोलता बोलता. "सर, परवा कुणीतरी म्हणालं, यंदा पाऊस लांबला. मी त्यांना नाशिकच्या पावसाची सरासरी सांगितली. मागच्या वर्षांच्या तुलनेत."

"मग?"

"मग सगळे 'हो का' म्हणाले आणि गप्प झाले."

आम्ही दोघंही मनसोक्त हसलो. हा प्राध्यापकांचा व्यवसायजन्य आजार आहे, आणि बरे होण्याची शक्यता चांगली असते. दिवसभर आपण बोलतो ते कुणीतरी वहीत उतरवून घेतं. त्यामुळे चहाच्या कपाशीही आपली व्हायव्हा चालली आहे असंच वाटतं: बोललो तर अचूक, पूर्ण आणि उपयोगाचं, नाहीतर गप्प. 'पाऊस लांबला' म्हणणाऱ्याला पावसाची माहिती नको असते. 'हो ना, कपडेच वाळत नाहीत' एवढं त्याला पुरतं.

मग मी त्यांना एलिसची गोष्ट सांगितली. वय 19. मुलींशी बोलायची भयंकर भीती. महिनाभर तो न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचा आणि बाकावर एकटी स्त्री दिसली की शेजारी बसून मिनिटभरात बोलायला सुरुवात करायचा. तो सांगायचा की 130 जणी भेटल्या, 30 उठून निघून गेल्या, उरलेल्या 100 जणींशी तो बोलला. भेटायला येते म्हणाली एकच, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. पुढे 1955च्या सुमारास त्याने आपली पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हा खटाटोपही आहे. त्याने मोजलं ते आपण किती वेळा बोललो हे. किती जणींना आवडलो हे मोजत बसला असता तर दुसऱ्या दिवशी घरीच थांबला असता.

मॅडमना काम दिलं ते एवढंच: डबा स्टाफरूममध्ये खायचा आणि ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा एक प्रश्न कुणालातरी विचारायचा. त्यांनी वनस्पतिशास्त्राचे सर निवडले. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. "सर, गोडी छाटणी कधी धरताय?" एवढं विचारलं, आणि सर पाऊस, डाऊनी, फवारणी, मजूर असे वीस मिनिटं बोलत राहिले. मधेच कुणीतरी लासलगावच्या कांद्याचे भाव काढले. "मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक म्हणूनच चाललं."

पुढे एकदा पुन्हा त्या आत गेल्या आणि तिघी गप्प झाल्या. पोटात खड्डा पडलाच. त्या बसल्या, डबा उघडला. एकीने ठेचा पुढे केला. काय विषय चालला होता ते यांनी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

हे वाचणाऱ्या सर-मॅडमना थोडं आणखी सांगतो. आल्या आल्या लॅपटॉप उघडू नका, तपासायचे पेपर पसरू नका. तुम्ही कामात आहात असं समजून माणसं आपणहून आवाज खाली आणतात आणि तुम्हाला ती कुजबुज वाटते. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींचा विषय डब्याच्या वेळी काढू नका, सगळेच त्याने पिचलेले असतात. गैरहजर माणसाची निंदा सुरू झाली तर उपदेश करू नका, पाण्याची बाटली भरायला उठा. तासिका तत्त्वावरचं कुणी कोपऱ्यात बसलं असेल तर त्याला नावाने हाक मारा. तुमची धडधड त्याच्याकडे दुप्पट आहे. आणि बेल झाली की वाक्य अर्धं टाकून उठलात तरी चालतं, ते उद्या पुरं होतं.

मात्र प्रत्येक गोष्ट मनाच्या खात्यात टाकायची नाही. सुपरव्हिजनच्या ड्युट्या तुमच्याच माथी येत असतील, टाइमटेबलमध्ये मुद्दाम सकाळचा पहिला आणि दुपारचा शेवटचा तास मिळत असेल, तर तिथे विचार बदलून भागत नाही, प्राचार्यांना लेखी द्यावं लागतं. बोलण्यात लैंगिक शेरेबाजी असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याने कॉलेजात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे; तक्रार तिथे करा, शक्यतो 3 महिन्यांच्या आत. 'मीच जास्त मनाला लावून घेते' असं म्हणत माझ्याकडे आलेल्या काही जणींना मी आधी त्या समितीकडे पाठवलं आहे.

मॅडम अजून अधूनमधून येतात. सध्या आमचा विषय वेगळा आहे: त्यांच्याकडे असलेल्या तीन समित्यांपैकी एक काढून घ्या, असं प्राचार्यांना तोंडावर सांगायचं. आम्ही सराव करतो. मी प्राचार्य होतो, कपाळाला आठ्या घालतो, आणि त्या दर वेळी आधी 'सॉरी सर' म्हणून सुरुवात करतात. ते आधी घालवायचंय.