तुमची सर्वांत आवडती अभिनेत्री कोण? 'दिसायला छान' हे कारण सोडून का आवडते ते सांगाल का?

स्मिता पाटील. दुसरं नाव मनात आलंच नाही.

दिसण्याचं कारण बाजूला ठेवा म्हणालात ते बरं केलंत, कारण तिचा विषय निघाला की लोक डोळ्यांपाशीच अडकतात. डोळे बोलके होतेच. पण मला तिचं वेड लागलं ते एका वेगळ्या गोष्टीमुळे. तिने रंगवलेली बाई काही ठरवते तेव्हा ते ठरताना आपल्याला दिसतं. बोलणं मागाहून येतं.

'उंबरठा' (१९८२) घ्या. जब्बार पटेलांचा चित्रपट, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन ही खात्यापित्या घरची शिकलेली सून. लहान मुलीला घरी ठेवून ती परगावच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. तिथल्या सडलेल्या कारभाराशी झुंजून परत येते, तर मुलीला काकूचा लळा लागलेला आणि नवरा सांगतो की त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. गिरीश कर्नाड हे इतक्या समजूतदार सुरात सांगतात की आपलाच संताप होतो. स्मिता फक्त ऐकून घेते. नवऱ्याचं बोलणं चालू असतानाच आपल्याला कळून चुकतं की ही बाई आता या घरात राहायची नाही. एवढ्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावतो आणि दर वेळी त्याच जागी पोटात खड्डा पडतो.

आता 'मिर्च मसाला'तली नदीकाठची सुरुवात पाहा. सुभेदार घोडी घेऊन पाण्यावर येतो, बाकीच्या बायका पळतात, सोनबाई उभी राहते. जनावरांची पाणी प्यायची जागा तिकडे आहे, असं त्याला सुनावते आणि माणसासारखं प्यायचं असेल तर ओंजळ धर म्हणत स्वतःच्या घागरीतून पाणी ओतते. सुभेदार म्हणजे नसीरुद्दीन शाह, तोही तोडीस तोड. तिच्या अंगात भीती आहे, हेही दिसतं, म्हणून तर तिचं तिथे उभं राहणं खरं वाटतं. हा चित्रपट आला १९८७ मध्ये. त्याआधीच, १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली. वय अवघं ३१. मला हे अजूनही सहजपणे लिहिता येत नाही.

ती मूळची खानदेशातल्या शिरपूरच्या घरातली, जन्म पुण्याचा. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, तेव्हा म्हणे जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. श्याम बेनेगलांनी तिला हेरलं आणि मग 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' अशी रांगच लागली. 'भूमिका' अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला. त्यात अल्लड पोरीपासून थकलेल्या नटीपर्यंतचा सगळा प्रवास तिने विशीच्या सुरुवातीलाच करून दाखवला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दुसरा मिळाला 'चक्र'मधल्या झोपडपट्टीतल्या अम्मासाठी.

स्मिता श्रेष्ठ की शबाना आझमी, हा वाद मला कधीच पटला नाही. 'अर्थ'मध्ये दोघी समोरासमोर आहेत आणि दोघींमुळेच तो चित्रपट उभा आहे. स्मिताची कविता ही दुसऱ्याचा संसार मोडणारी बाई. तिला खलनायिका करणं सोपं होतं. स्मिताने तिची धास्ती, तिचं आतून पोखरत जाणं असं दाखवलं की तिचाही राग धरता येत नाही.

एक मात्र आवर्जून सांगतो. तिला फक्त दुःखी बायकांची नटी समजू नका. 'जैत रे जैत'मधली ठाकरवाडीची चिंधी पाहा. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, आणि 'मी रात टाकली'मध्ये बायकांच्या मेळ्यात मोकळी झालेली स्मिता! नको असलेल्या नवऱ्यापासून काडीमोड घेऊन नाग्यावर हक्क सांगणारी ही पोर कुणाची परवानगी मागत बसत नाही. मोहन आगाशे नाग्या झालेत, पण माझी नजर चिंधीवरून हलत नाही.

तुम्ही तिचं काहीच पाहिलं नसेल तर 'उंबरठा'पासून सुरुवात करा, मग 'जैत रे जैत', मग 'भूमिका'. 'उंबरठा'ची 'सुबह' नावाची हिंदी आवृत्तीही आहे. पण मराठी कळत असताना ती आधी पाहू नका. घरच्या भाषेत बोलताना तिचा आवाज जरा खाली येतो, वाक्य अर्ध्यावर सोडून ती थांबते, आणि सुलभा खरी उमगते ती तिथेच.