अडीच लाखांचा विमा आणि साडेसहा लाखांची हौस

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र, दोन्ही अंदाजपत्रके आणि अपघाताची छायाचित्रे मिळाली. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. बेळगावच्या उद्यमबागेत लेथचे वर्कशॉप चालवणाऱ्या आपण लॉकडाउनच्या काळात मुलाबरोबर २००६ सालच्या जिप्सीच्या चॅसीवर फायबरचे बॉडी किट चढवून दोन आसनांची उघडी गाडी उभी केली आणि तिच्यावर आजवर साडेसहा लाख रुपये घातले. गळीत हंगामात वंटमुरी घाटाखाली दिवेलागणीच्या वेळी, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर काहीच नसलेल्या उभ्या उसाच्या ट्रॉलीवर ती आदळली. दुरुस्तीचा अंदाज ३,४०,००० रुपये आहे, आणि त्यासाठी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीकरिता सौहार्द सहकारी संस्थेत ठेवलेले, जूनमध्ये मुदत संपणारे चार लाख मोडावेत का, असे आपण विचारले आहे.

ठेव मोडू नये, हे आधीच सांगून टाकतो. मात्र गाडी भंगारात द्यावी असेही माझे म्हणणे नाही. खर्च झालेले साडेसहा लाख हिशेबाच्या सुरुवातीला धरल्यामुळे आपला सगळा हिशेब एका बाजूला कलला आहे. ती रक्कम आता ना विमा कंपनीच्या कागदावर आहे, ना आरटीओच्या. कागदावर आहे ती एक जुनी जिप्सी, अडीच लाख रुपये विमित मूल्याची, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीची. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे हे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते आणि आपण त्यावर सही केली आहे.

आपल्या नात्यातल्या विमा एजंटाने ‘टोटल लॉसमध्ये बसवू, अडीच लाख सुटतील’ असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. नियम त्यांना ठाऊक आहे, पण तो त्यांनी अर्धाच लावला आहे. पॉलिसीच्या अटींप्रमाणे मोजलेला दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे आपल्या बाबतीत १,८७,५०० रुपयांच्या वर गेला, तरच गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. हा खर्च घसारा, म्हणजे जुनेपणामुळे कापायची रक्कम, वजा करून मोजायचा असतो. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के, रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा लागतो. रंगकामाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्याच्या निम्मी रक्कम कापली जाते. मजुरीवर घसारा नाही. हे सगळे लावून आपल्या पहिल्या अंदाजपत्रकाचे २,३७,२५० रुपये होतात आणि १,५०० सीसीपर्यंतच्या इंजिनासाठीची १,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, काढली तरी आकडा १,८७,५०० च्या वरच राहतो. एजंटाचे गणित इथपर्यंत बरोबर आहे.

आता त्याच अंदाजपत्रकातल्या दोन ओळी पाहा. ‘फायबर नोज, बॉनेट, साचा व फिटिंग : ९५,०००’ आणि ‘संपूर्ण रंगकाम : ७०,०००’. विमा उतरवताना गाडीची बॉडी बदलली असल्याचे आपण कंपनीला कळवले नव्हते, त्यामुळे कंपनीने विमा घेतलेल्या जिप्सीत फायबरचे हे नाक नाहीच. नुकसान तपासणारा सर्व्हेअर छायाचित्र हातात घेताच या दोन ओळींवर काट मारील. मग चॅसीचे ६०,०००, पुढचा अॅक्सल आणि सस्पेन्शनचे ७०,००० आणि रेडिएटर, दिवे व वायरिंगचे ४५,००० उरतात. त्यांतली मजुरी पूर्ण आणि सुटे भाग निम्म्याने धरले, तर वजावटीनंतर १,०८,५०० रुपये होतात. टोटल लॉसचा प्रश्न तिथेच संपतो. पुढे, न कळवलेला बदल हा अटीचा भंग असल्यामुळे कंपनी पूर्ण दावाही नाकारू शकते. अटीचा भंग मूलभूत नसेल तर मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत दावा देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात मान्य केला आहे. त्या हिशेबाने आपल्याला सुमारे ८१,००० मिळू शकतात. म्हणून आपल्या हाती येणारी रक्कम शून्य, ८१,००० किंवा फार तर १,०८,५०० अशी धरावी. बदल लपवून जास्त काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण तसे केल्यास ८१,००० वरही पाणी सोडावे लागेल.

याहून मोठी अडचण डिसेंबरात आहे. २००६ ची नोंदणी १५ वर्षांनी, म्हणजे २०२१ मध्ये, ५ वर्षांसाठी नूतनीकृत झाली होती. ती मुदत येत्या डिसेंबरात संपते आणि गाडी पुन्हा तपासणीला उभी करावी लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. थोडक्यात, आज ३,४०,००० घालून फायबरची गाडी होती तशी उभी केली, तरी वर्ष संपायच्या आत ती रस्त्यावर नेण्याजोगी राहणार नाही. २०२१ मध्ये ती तपासणीतून कशी सुटली हे आपण लिहिलेले नाही, आणि मीही विचारत नाही.

कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या नावावर करून एमएच-०९ चा नंबर घ्यावा, ही आपल्याला सुचवलेली वाट मी अगदीच बाद धरतो. त्यासाठी इथल्या आरटीओचा फॉर्म २८ वरचा ना-हरकत दाखला लागतो, तिकडेही चॅसी नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला जातो, आणि कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे. सीमा ओलांडल्याने फायबरचे लोखंड होत नाही.

आपल्या दुसऱ्या अंदाजपत्रकाकडे मात्र मी अधिक आशेने पाहतो, आणि आपण ते पत्राच्या शेवटी जवळजवळ दडवूनच जोडले आहे. मूळ बॉनेट, दारे, मडगार्ड आणि हुड आपण खानापूरच्या शेतघरात ठेवले आहेत. दाराच्या खालच्या कडेला गंज धरला आहे, पण छायाचित्रात तरी तो आरपार गेलेला दिसत नाही. चॅसी, सस्पेन्शन, रेडिएटर व वायरिंग यांचे १,७५,००० आणि जुनी बॉडी ठोकून, रंगवून बसवण्याचे ५५,००० असे २,३०,००० रुपये त्यात आहेत. ही गाडी आरसीशी जुळेल, तपासणीला उभी राहील, विमा घेईल आणि विकायची झाली तर गिऱ्हाईकही मिळेल. आपल्याच मेकॅनिकने चालू स्थितीतल्या अशा जिप्सीची किंमत अडीच लाखांच्या आसपास सांगितली आहे, आणि आहे तशी मोडकी गाडी उचलायला एक व्यापारी ७०,००० देण्यास तयार आहे.

या दोन किमतींवर निर्णय ठरतो. दुरुस्ती करायची म्हणजे व्यापाऱ्याचे ७०,००० सोडायचे, म्हणून तेही खर्चातच धरावे लागतात. विम्याचे ८१,००० आले तर खिशातून १,४९,००० आणि सोडलेले ७०,००० मिळून २,१९,००० लागतील आणि हाती अडीच लाखांची गाडी राहील. फायदा थोडका आहे, पण हौसही शिल्लक राहते. दावा पूर्ण नाकारला गेला तर खर्च तीन लाख होतो, आणि मग गाडी व्यापाऱ्याला द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे सर्व्हे अहवाल आणि कंपनीचे लेखी उत्तर येईपर्यंत वर्कशॉपमध्ये एक बोल्टही खोलू नये. दाव्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जाईल, याची चिंता आपण केली आहे. आपल्या पॉलिसीत स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी ८,४०० आहे, त्याच्या ५० टक्के म्हणजे वर्षाला ४,२०० रुपयांची ही बाब आहे. त्यासाठी ८१,००० सोडण्यात अर्थ नाही.

पैसे कुठून आणावेत, याबाबत माझा सल्ला आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. आपल्या २० जणांच्या भिशीचे ९ हप्ते भरून झाले आहेत. लवकर उचलण्यासाठी सोडावी लागणारी १८,००० ची घट सोसून आत्ता उचलल्यास १,८२,००० मिळतात, तर शेवटपर्यंत थांबल्यास ११ महिन्यांनी २,००,०००. घटीतून सभासदांना वाटून येणारा भाग बाजूला ठेवला, तर हा खर्च वर्षाला साधारण ११ टक्के पडतो. हप्ता आपण आजही भरतच आहात, त्यामुळे वर्कशॉपवर नवा बोजा येत नाही. एरवी मी भिशीची भलामण करत नाही, कारण ती माणसांच्या शब्दावर चालते. पण इथे आपण पैसे घेणारे होणार आहात, अडकून बसणारे नाही. सोने तारणाची गरज मला दिसत नाही.

सौहार्दच्या ठेवीबद्दल एक वेगळी गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. बँकेतील ठेवींना असलेले ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण सौहार्द सहकारी संस्थांतील ठेवींना लागू नाही. जूनमध्ये मुदत संपताच जास्त व्याजाच्या मोहाने नूतनीकरण न करता ती रक्कम फी भरेपर्यंत बँकेत ठेवावी.

अपघाताच्या कागदांबाबत दोन कामे या आठवड्यातच करावीत. पंचनामा कानडीत आहे आणि आपण तो न वाचता सही केली, असे पत्रावरून दिसते. त्याची प्रत घेऊन कोणाकडून तरी ओळ न ओळ वाचून घ्यावी आणि ट्रॉलीला मागे दिवा व रिफ्लेक्टर नव्हता ही नोंद त्यात आहे का, ते पाहावे. ती असेल तर ट्रॅक्टरच्या विमा कंपनीविरुद्ध बेळगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचा दावा करता येईल. कायद्यात त्यासाठी ६ महिन्यांची मुदत दिली आहे. समोरचा वकील आपल्या बदललेल्या बॉडीवर बोट ठेवणार, हे धरून चालावे, म्हणून या रकमेचा एक रुपयाही वरच्या हिशेबात मी घेतलेला नाही. ट्रॉलीमालक मागत असलेले २५,००० रोख मात्र परस्पर देऊ नयेत. तो भार, असलाच तर, आपल्या विमा कंपनीचा आहे आणि तिला न विचारता केलेली तडजोड ती मान्य करणार नाही.

चॅसीच्या डाव्या पट्टीला पुढून वीतभर अंतरावर घडी पडलेली दिसते. तापवून आणि ठोकून ती सरळ करण्याऐवजी तेवढा तुकडा बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात आहे का, हे विचारून घ्यावे. चॅसी नंबर कोरलेला भाग कोणत्याही परिस्थितीत कापू किंवा घासू देऊ नये. उतरवलेली फायबरची बॉडी दुरुस्त करून वर्कशॉपच्या आवारात ठेवायला कायद्याची हरकत नाही. मुलगा पुण्याहून सुटीवर आला की त्या कामाला आणखी किती पैसे लावायचे ते दोघांनी ठरवावे, पण ते पैसे भिशीतून घेऊ नयेत.

आपला,
आर्थिक सल्लागार, बेळगाव