पावसाळ्यात रात्री नाईट व्हिजनच्या काचेवर वाफ धरते, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात ताडोब्याच्या मचाणावर डिजिटल नाईट व्हिजन मोनोक्युलर, म्हणजे अंधारात बघायची एका डोळ्याची दुर्बीण, झकास चालली. तीच जुलैत आंबोलीला नेली तर दहा मिनिटांत सगळं दुधाळ. पुसलं की क्षणभर दिसतं, पुन्हा तेच. यंत्र वॉटरप्रूफ आहे म्हणून विकलं होतं, मग बिघडलं की काय?

बहुधा बिघडलेलं नाही. मी सावंतवाडीकडचा. पावसाळाभर रात्री प्राणी आणि बेडूक बघायला येणाऱ्या गटांबरोबर आंबोली-चौकुळ भागात फिरत असतो, आणि तुमचीच तक्रार जवळजवळ प्रत्येक गटात कुणाची तरी असते. मला ती मनापासून सोडवावीशी वाटते, कारण काच धुरकटली की माणूस वैतागून पांढरा टॉर्च काढतो आणि थेट गव्याच्या नाहीतर उदमांजराच्या डोळ्यांवर मारतो. नाईट व्हिजन नेण्याचा हेतूच तिथे संपतो.

आधी ताडोबा आणि आंबोलीतला फरक बघा. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसायला लागते त्याला दवबिंदू म्हणतात. मे महिन्यात विदर्भात रात्री हवा ३२ अंश आणि आर्द्रता २५ टक्के धरली, तर दवबिंदू येतो साडेनऊ अंशांच्या आसपास. तुमची काच तिथे इतकी गार होणं शक्यच नाही. आंबोलीत पावसाळी रात्री हवा २१ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असेल तर दवबिंदू २० च्या थोडा वर. म्हणजे काच हवेपेक्षा जेमतेम एका अंशाने गार झाली की तिच्यावर पाणी बसणारच. ६९० मीटर उंची, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि ढग थेट रस्त्यावर उतरलेला, अशा ठिकाणी याहून वेगळं काही होणार नाही. तेव्हा पुसत बसणं हा उपायच नव्हे. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश उबदार राहिली पाहिजे, सगळी खटपट त्यासाठी करायची.

गाडीचा आणि हॉटेलचा एसी हा इथला सगळ्यात मोठा शत्रू. खाली सावंतवाडीत रात्री २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू २५ च्या वर असतो. एसीत २२ अंशांना गार झालेली मोनोक्युलर तिथे बाहेर काढली की त्याच क्षणी काच पांढरी होते. एसी बसमधून उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच. चष्मा पातळ असतो, लगेच गरम होतो. मोनोक्युलरचं भिंग जाड, मागे धातूची नळी, त्यामुळे तिला अर्धा-पाऊण तास लागतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. एसीतून निघायच्या आधीच यंत्र झिप लॉकच्या जाड पिशवीत घाला, आतली हवा दाबून काढा, सोबत सिलिका जेलची (ओल शोषणाऱ्या दाण्यांची) एक पुडी टाका आणि पिशवी बंद करा. बाहेर आल्यावर पिशवीकडे नीट बघा. तिच्या बाहेरच्या बाजूला बारीक थेंबांचा पांढरट थर धरतो आणि आतली काच कोरडी असते. जे पाणी भिंगावर बसलं असतं ते प्लॅस्टिकवर बसलेलं तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. तो थर आपोआप उडाला आणि पिशवी हाताला गार लागेनाशी झाली की मगच उघडा. घाट चढताना शेवटची वीसेक मिनिटं एसी बंद करून खिडक्या खाली केल्यात तर वाट बघायचा वेळही वाचतो.

पुष्कळ जण यंत्र उबदार ठेवायला रेनकोटच्या आत, छातीशी धरतात. कल्पना बरोबर, पण रेनकोटच्या आत घामाची वाफ कोंडलेली असते. गार यंत्र तिथे उघडं ठेवलंत तर आतच भिजेल. म्हणून तिथेही पिशवीतच ठेवा, बघायच्या वेळी काढा.

बाहेर काढल्यावर ऊब टिकवायची कशी? डिजिटल मोनोक्युलरचा एक फायदा असा की सेन्सर आणि स्क्रीनमुळे ती स्वतःच थोडी तापते. दर दोन मिनिटांनी बंद-चालू करण्यापेक्षा स्टँडबायवर ठेवा आणि जादा बॅटरी बाळगा. इमेज इंटेन्सिफायर ट्यूबवाली यंत्रं, म्हणजे सेन्सरऐवजी अंधुक उजेड वाढवणारी नळी असलेली, फारच कमी वीज खातात, त्यामुळे ती जवळजवळ तापत नाहीत आणि दमट हवेत त्यांना बाहेरून ऊब द्यावीच लागते. आकाशनिरीक्षण करणारे दुर्बिणीला दव धरू नये म्हणून यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा गुंडाळतात, तो पॉवर बँकेवर चालतो. पुढच्या भिंगाच्या कडेला, नळीवर बांधायचा आणि सगळ्यात कमी सेटिंगवर ठेवायचा. हाताला कोमट लागला की पुरे. बॅटरीच्या खणावर मात्र बांधू नका. हिमालयात ट्रेकर वापरतात त्या हँड वॉर्मरच्या पुड्या रबरबँडने बांधूनही काम भागतं, पण त्या लोखंडाच्या भुकटीवर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन तापतात. पुडी भिजली की हवा पोचत नाही आणि ती थंडावते. त्यामुळे आंबोलीच्या पावसात माझी पसंती पट्ट्यालाच.

पुढच्या भिंगाला हूडही लावा. विकतचा मिळाला नाही तर काळ्या फोम शीटची नळी करा, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब. चित्राचे कोपरे काळे दिसले तर थोडी कापा. पावसाचे थेंब तर ती अडवतेच, पण तिचा खरा उपयोग ऑक्टोबरनंतर कळतो. निरभ्र रात्री उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काच आकाशाकडे उष्णता फेकत राहते आणि हवेपेक्षाही गार होते. हूडमुळे तिला आकाश कमी दिसतं आणि दव उशिरा धरतं.

डोळ्याकडच्या काचेचं दुखणं वेगळं आहे. तिथली वाफ तुमची स्वतःची असते, श्वासाची आणि चेहऱ्याच्या घामाची. नाकातोंडावर बफ किंवा मफलर ओढलात की श्वास वरच्या बाजूने थेट आयपीसवर जातो, म्हणून बघताना तो हनुवटीखाली घ्या. रबरी आयकप डोळ्यावर दाबून धरू नका, किंचित फट राहू द्या. बघणं झालं की यंत्र तोंडासमोर लटकत न ठेवता बाजूला घ्या. पोहण्याच्या गॉगलला लावतात तो अँटीफॉग स्प्रे आयपीसवर चालतो का, हे तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा. त्याने पाण्याचे थेंब न होता एकसारखा पातळ थर होतो, त्यामुळे आरपार दिसत राहतं. पुढच्या भिंगाच्या कोटिंगवर मी काहीच लावत नाही. पुढे आटे असतील तर साधा पारदर्शक फिल्टर बसवा आणि स्प्रे त्याच्यावर मारा. फिल्टर मात्र घरी, कोरड्या खोलीत बसवा. डोंगरावर बसवलात तर दमट हवा भिंग आणि फिल्टरच्या मध्ये कोंडते आणि तिथेच वाफ धरते.

आता एक शंका, जी आंबोलीत बऱ्याचदा खरी निघते. तुमची काच स्वच्छच असेल आणि पांढरं दिसतंय ते धुकं असेल. यंत्राचा इन्फ्रारेड दिवा (डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचा) भिंगाच्या अगदी शेजारी असतो. समोर ढग असला की त्या दिव्याचा उजेड ढगातल्या थेंबांवरून उलटून थेट भिंगात येतो आणि पुढे दुधाची भिंत उभी राहते. इन्फ्रारेड बंद करून बघा. भिंत गेली आणि चित्र नुसतं अंधारं झालं तर काचेचा दोष नाही. अशा वेळी दिव्याची तीव्रता कमी करा, किंवा वेगळा इन्फ्रारेड टॉर्च घेऊन तो हात लांब करून बाजूला धरा. ९४० नॅनोमीटरचा दिवा घेतला की धुक्यातून दिसेल असं कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका. ढगातले थेंब नेहमीच्या दिव्याची ८५० आणि ही ९४० या दोन्ही तरंगलांबींपेक्षा कितीतरी मोठे असतात, दोघांनाही सारखेच उधळतात. ९४० चा फायदा एवढाच की दिव्याची लालसर ठिणगी दिसत नाही, आणि पल्ला उलट कमी मिळतो.

वॉटरप्रूफबद्दल. यंत्रावर पाणी सोसायची प्रत लिहिलेली असते: आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसेल. दोन्हीचा बाहेरच्या काचेवर धरणाऱ्या वाफेशी काही संबंध नाही. नायट्रोजन भरलेलं यंत्रही फक्त आतून सुरक्षित असतं. वाफ आत धरली आहे का ते ओळखायला कोरड्या खोलीत दोन्ही काचा हलक्या हाताने पुसा आणि टॉर्चचा उजेड तिरका टाका. पुसूनही ढगाळ डाग राहिला तर तो आत आहे. मग बॅटरी काढा, खणाचं झाकण उघडं ठेवा आणि यंत्र भरपूर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात चार-पाच दिवस ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड फटींतून आत जाते. हेअर ड्रायर नको, आणि उन्हात तर मुळीच नको, भिंगातून ऊन एकवटून सेन्सर किंवा ट्यूब कायमची जाऊ शकते. एवढं करून पुन्हा वाफ धरली तर ओ-रिंग (सांध्यातली पाणी अडवणारी रबरी कडी) गेली असं समजा. स्क्रू स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरलाच द्या, सील बदलून नायट्रोजन तेच भरू शकतात. पावसात मेमरी कार्ड किंवा चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडायचं नाही, दमट हवा आत जायचा तो सरळ रस्ता आहे.

जंगलात पुसायची वेळ आलीच तर शर्टाचं टोक वापरू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग कोरडं मायक्रोफायबर कापड थेंब टिपल्यासारखं लावा. तोंडाने फुंकर मारली की आणखी वाफ बसते.

घरी आल्यावर यंत्र कव्हरमध्ये घालून कपाटात टाकू नका. कव्हर ओलं असतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात आठवड्याभरात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसायला लागतात. बुरशी कोटिंग खाते, मग ते परत येत नाही. बॅटरी काढून यंत्र रात्रभर पंख्याखाली ठेवा, नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. केशरी दाण्यांचं जेल घ्या, ते हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका.