दसऱ्याआधीची वही

चि. गुरुजी,
अ. उ. आ.

नोकरी लागली म्हणून ‘गुरुजी’ लिहिलं, अरेतुरे मात्र सुटणार नाही.

केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत निकालाच्या यादीत तुझ्या शाळेचं नाव शेवटून दुसरं वाचलं गेलं आणि तू मान खाली घालून बसलास, हे ऐकून वाईट वाटलं. केंद्रप्रमुख असताना मीही अशा याद्या वाचल्या आहेत, त्याही मोठ्या आवाजात.

त्या यादीत नसलेल्या गोष्टी बघ. तुझा पट २७. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत वर्षाला १०,०००, पुढे १०० पर्यंत २५,०००. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर. शंभर पटाच्या शाळेशी दरडोई ताडलं तर तुलाच जास्त मिळतात, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. गळकं छप्पर आणि विजेचं मीटर डोकी मोजत नाहीत. त्यात जोडीदार शिक्षक बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामाला गेले की पाचही वर्ग तुझ्या गळ्यात.

आणि ऊसतोड. दसरा झाला की तुझ्या वाडीतली निम्मी दारं कुलूपबंद. २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झालं, २०२४ चं तसंच ‘परख’ सर्वेक्षण ४ डिसेंबरला. दोन्ही वेळी कोयते फडात होते. ती सर्वेक्षणं नमुना घेऊन जिल्ह्याचं चित्र काढतात, एकेका गुरुजीला जोखायला नसतात. म्हणून त्यांचं फार मनावर घेऊ नकोस.

खरा पेच पायाभूत आणि संकलित चाचण्यांचा. पेपर तूच तपासणार, गुणही तूच भरणार. वर्षारंभीच्या पायाभूतला गुण देताना हात आखडता ठेव, म्हणजे वर्षअखेर प्रगती दिसते, ही युक्ती तुला कुणीतरी चहा पिताना सांगेलच. मी ती डोळ्यांआड केली आहे. तेव्हा वाटलं, कुणाचं काय बिघडतं? बिघडलं ते पोरांचं. हातच्याची वजाबाकी न येणारी मुलं कागदावर पास झाली आणि जादा मदत मागायला आमच्याकडे तोंडच उरलं नाही. तू खरे गुण भर. कमी आले तरी.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सांगितलं होतं, की निकाल बघून अनुदान देण्याची पद्धत गोरगरिबांच्या शिक्षणाला उपयोगाची नाही. आपण ते निवेदन जयंतीला वाचतो, त्या ओळीवर मात्र थांबत नाही.

आता काम. एक दोनशे पानी वही कर. प्रत्येक मुलाचं पान: कधी गेलं, कधी परतलं, जाताना काय वाचत होतं, आल्यावर काय वाचतं. ती वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेव आणि आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा ठराव दसऱ्याच्या बराच आधी करून घे. टोळी निघाल्यावर ठरावाचा उपयोग नसतो. शाळा विकास आराखडाही त्या वहीवरूनच लिही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ म्हणतं, अनुदानाचा आधार हा आराखडा असावा. गटशिक्षण कार्यालयातून लगेच पैसे येतील असं मी म्हणत नाही. पण पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून जातो. मी सह्या केल्यात त्यावर, म्हणून माहीत.

रविवारी ये. आराखड्याची जुनी प्रत घेऊन ये, ओसरीवर बसून नवी लिहू. काकू थालीपीठ लावते म्हणाली आहे.

तुझा,
काका